भाऊजींना भिणारी कबुतरं

आदरणीय भाऊजींच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (कंबरेमुळे प्रत्यक्षात मला आता अर्ध्यापर्यंतच वाकता येतं, पण कागदावर पूर्ण घातला आहे, तो तसाच धरावा.) इकडे आम्ही दोघं बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. हिची तब्येत खरोखरच उत्तम आहे, इतकी की मला काळजी वाटते. माझं म्हणाल तर भूक बरी, झोप नाही, आणि छातीत अधूनमधून कोणीतरी दार वाजवल्यासारखं होतं. तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा खोकला? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत की तुमच्या गच्चीवरचा कबुतरांचा उच्छाद हल्ली पार बंद झाला आहे, आणि गुडघ्यामुळे तुम्हाला वर जाता येत नसलं तरी रोज सकाळी अंगणातून तुम्ही जो आवाज टाकता, त्यानेच त्यांना शिस्त लागली आहे. वाचून आनंद झाला. कबुतरांचा विषय तुम्हीच काढलात हे बरं झालं, कारण मला जे सांगायचं आहे ते कबुतरांवाचून सांगताच येत नाही.

माझं मागचं पत्र तुम्ही लाल शाईने तपासून परत पाठवलंत, तेही पोचलं. खाली शेरा होता, "प्रगती नाही." भाऊजी, तुम्ही जन्मभर हेडमास्तर, मी चौथीतून शाळा सोडलेला न्हावी, या वयात प्रगती कुठून आणू? हेही पत्र तपासावं, पण आधी एकदा नुसतं वाचावं, बसून वाचावं, आणि ताई जवळ असताना वाचावं.

पुढच्या महिन्यात गुडघा दाखवायला तुम्ही दोघं आमच्याकडे येताय, चांगले महिनाभर राहताय, हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून ताडकन उठलो आणि मटकन खाली बसलो. उठलो ते आनंदाने. ताई या घरात राहायला आली त्याला जमाना झाला. आता आम्ही दोघं बहीणभाऊ अशा वयाला आलोय की पुढच्या खेपेची गोष्ट कोणी कोणाला सांगू नये. हिने पलंग हलवून पाहिला, मी जिन्याचा कठडा. तर उठलो आनंदाने. आणि बसलो कशामुळे, ते सांगायला हे पत्र. रागावून तुम्ही येणं रद्द केलंत तर तुमच्याबरोबर ताईचंही रद्द होतं, ही एकच धास्ती मला आहे. बाकीच्या धास्त्या नेहमीच्या आहेत, त्या धरू नका.

माझा हात थरथरायला लागला म्हणून मी दुकान बंद केलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. गिऱ्हाईक खुर्चीत मान मागे टाकून डोळे मिटतं ते न्हाव्यावरच्या विश्वासाने. माझी गिऱ्हाइकं डोळे टक्क उघडे ठेवून बसायला लागली, एकाने तर दाढी चालू असताना माझं मनगट धरून ठेवलं, तेव्हा मी वस्तरा पुसून पेटीत घातला. पण भाऊजी, जन्मभर ज्या हाताखाली गाल, हनुवटी आणि मिशा आल्या, तो हात रिकामा बसत नाही. झोपेत मी उशीची दाढी करायला लागलो. (उशीचं मला काही वाटलं नाही, पण एके रात्री हिची हनुवटी वर उचलून धरली, तेव्हा हिने मला बाहेरच्या खोलीत झोपायला लावलं.) मग मी रद्दी भिजत घातली. तिचा लगदा केला, त्यात पिठाची खळ घातली, हिचं एक पातेलं पालथं घातलं आणि त्यावर बोटांनी चेहरे करायला लागलो. लगद्याला वस्तऱ्याची भीती नाही. थरथरत्या हाताचा उलट फायदाच झाला, कारण भुवई ओढताना हात असा काही हलतो की केसन् केस वेगळा उमटतो. एवढा आनंद मला दुकानात कधी झाला नव्हता. ही म्हणाली, "कला असेल तर असू दे, पण माझं दुधाचं पातेलं सोडा." मी दुधाचं सोडून भाताचं घेतलं.

विकण्याबिकण्याचा विचार मनाला शिवलाही नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. आपल्याला माहीत असलेले चेहरे आपले करायचे, वाळवायचे, रंगवायचे आणि कपाटावर ठेवायचे. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा केला, माझा स्वतःचा केला. आणि मग, भाऊजी, (इथे ताईला पाणी आणायला सांगावं) तुमचा केला.

तुमच्या लग्नाच्या दिवशी सकाळी तुमची दाढी मीच केली होती. मिसरूड फुटलेलं पोर मी. तोंडभर फेस लावून झाल्यावर तुम्ही विचारलंत, "किती शिकलास?" मी म्हटलं, "चौथीपर्यंत." तुम्ही नुसतं आरशातून माझ्याकडे पाहिलंत. डावी भुवई वर, उजवी खाली, मिशीखाली ओठ गच्च आणि नाकपुड्या हललेल्या. ती नजर माझ्या हातात इतकी वर्षं बसून होती, ती लगद्यात आपोआप उतरली. मी मुद्दाम केलं नाही. बोटांनी केलं. पूर्ण झाल्यावर मीच दोन पावलं मागे सरकलो आणि माझ्या तोंडून "चौथीपर्यंत" असं बाहेर पडलं.

तो मी वाळवायला बाल्कनीत खिळ्याला टांगला. आमची बाल्कनी म्हणजे नावाला आमची. भाडं आम्ही भरायचो आणि राहायची कबुतरं. हिने काठी आपटली, जाळी लावली, चकाकणाऱ्या पट्ट्या बांधल्या; कबुतरांनी त्या पट्ट्या घरट्याला वापरल्या. आणि त्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन बाहेर जातो तो काय, सगळीकडे सामसूम! एक पीस नाही की घुमणं नाही. समोरच्या छपरावर सगळी ओळीने बसलेली, माना खाली घातलेल्या, बोलायचं नाव नाही. भाऊजी, तुमचा वर्ग मी कधी पाहिला नाही, पण तो असाच असणार. माझ्या हातातला चहा बशीत आणि बशीतला पायावर सांडला.

आमच्या वरच्या मजल्यावर एक नर्सबाई राहतात. रात्रपाळी करून दिवसा झोपतात, म्हणजे झोपायला बघतात, कारण त्यांच्या खिडकीवर दिवसभर कबुतरं घुमतात. चार दिवसांनी त्या डोळे लाल करून खाली आल्या. म्हणाल्या, "आजोबा, तुमच्याकडे हे कुणाचं तोंड आहे? मी वरून वाकून पाहिलं तर मला शाळेतला गृहपाठ आठवला. मला एक द्या. काय पडतील ते सांगा." मी "छे छे, अहो घरातलं माणूस आहे ते," असं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आमच्या हिने माझ्या पाठीमागून आकडा सांगितला. दिवसभर उभं राहून दाढ्या केल्या तरी दुकानात जे जमायचं नाही, ते हिने उंबऱ्यात उभ्या उभ्या तुमच्या एका नाकावर लावलं होतं! मला वाटलं आता नर्सबाई चिडतील, आवाज चढेल, जिन्यात माणसं जमतील. नर्सबाई म्हणाल्या, "उद्या मिळेल का?"

मी हिला रात्री म्हटलं, "अगं, भाऊजी आहेत ते! ताईचा नवरा! त्यांना खिडकीबाहेर पावसात टांगायचं?" ही भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "मग वॉर्निश लावा."

तिथून जे सुरू झालं ते मला आवरलेलं नाही. नर्सबाईंना झोप लागली, ती त्यांनी त्यांच्या दवाखान्यात सगळ्यांना सांगितली. हिने फोनवर तुमचे फोटो टाकले (पुढून, बाजूने, आणि एक खिळ्यासह). खाली काय लिहिलं असेल? "घरगुती, हाताने केलेला, कबुतरं परत येत नाहीत." पाच माणसं ओळीने जिन्यात उभी राहिलेली मी दुकानात कधी पाहिली नव्हती, ती आता रविवारी सकाळी पाहतो. एक गृहस्थ आले, तुम्हाला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, नाकावर टिचकी मारली आणि मला विचारलं, "याहून जास्त रागावलेला नाही का?" मी सर्द झालो. म्हटलं, "साहेब, याहून जास्त रागावलेले ते मीसुद्धा पाहिलेले नाहीत." एक बाई तर कबुतरांसाठी नाही, मुलाच्या अभ्यासाच्या टेबलासमोर लावायला घेऊन गेल्या. तो मुलगा पाढे म्हणायला लागला आहे असं कळतं. म्हणजे एका अर्थी तुमची नोकरी अजून चालू आहे, हे तुम्हाला बरं वाटावं.

मी हातावर हात ठेवून बसलो नाही, भाऊजी. तुमचा चेहरा सोडून दुसरा काही चालतो का, याची मी खूप खटपट केली. किराणावाल्याचा चेहरा एका गिऱ्हाइकाला दिला, तर तिथे होती त्याच्या दुप्पट कबुतरं आली. त्याच्या दुकानासमोर दाणे सांडलेले असतात, ती त्याला ओळखून होती. मग मी मन घट्ट करून स्वतःचा चेहरा आमच्याच बाल्कनीत टांगला आणि तुम्हाला आत आणलं. पहिल्या दिवशी कबुतरं लांबून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी एक माझ्या नाकावर बसलं. आठवडा संपायच्या आत त्यांनी माझ्या टाळूवर काड्या आणल्या आणि अंडं घातलं. मला धक्का बसला. ही म्हणाली, "त्यात काय एवढं? घरात तुम्हाला कोण भितं, म्हणून बाहेर भितील?" (पिल्लू उडून जाईपर्यंत तो चेहरा काढायचा नाही, असंही तिनेच ठरवलं.) हिचा चेहरा करून पाहावा असंही एकदा मनात आलं, पण इतकी हिंमत माझ्यात नाही, आणि तेवढी कडक गोष्ट गल्लीला झेपणारही नाही. हे वाक्य हिला वाचून दाखवू नये.

आता खरी अडचण ऐका. तुम्ही रिक्षातून कोपऱ्यावर उतराल, तिथे किराणावाल्याच्या फळीवर तुम्ही. पुढे शिंप्याच्या खिडकीत तुम्ही. आमच्या इमारतीवर तर मजल्यामजल्यावर तुम्ही. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी दोन लावलेत, म्हणजे तिथे तुम्ही एकमेकांकडे पाहता. आणि ज्या डॉक्टरांना गुडघा दाखवायचा त्यांच्या खिडकीबाहेर, एसीच्या डब्यावर, तुम्ही. तपासताना ते तुम्हाला पलंगावर झोपवतील ते बरोबर त्या खिडकीकडे तोंड करून. मी काल मुद्दाम जाऊन झोपून पाहिलं. (त्यासाठी मला कंबर दुखते असं सांगावं लागलं. आता ती खरंच दुखते आहे आणि डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात.)

महिनाभर सगळे काढून ठेवा, अशी विनवणी करत मी घरोघर फिरलो. कोणी ऐकेना. नर्सबाई म्हणाल्या, "आजोबा, पाहुणे महिन्याने जातील, कबुतरं राहतील." किराणावाला म्हणाला, "काका, त्यांना मागच्या गल्लीने आणा ना." मागच्या गल्लीत तुम्ही जास्तच आहात. मग मी शिडी घेऊन, जीव मुठीत धरून, आमच्या इमारतीवरच्या दोन-तीन चेहऱ्यांना काळे चष्मे चिकटवले, म्हणजे निदान तुम्हाला ओळख पटू नये. तर त्याच संध्याकाळी कबुतरं परत! ती डोळ्यांनाच भितात. लोक भांडायला आले, चष्मे काढावे लागले, आणि परत शिडीवर चढताना माझी छाती अशी वाजत होती की खाली शिडी धरलेल्या शिंप्याने वर बघून विचारलं, "काका, तुम्ही ठोकताय काय?"

माझ्या बाजूने बोलायला एकच गोष्ट आहे, ती मी शेवटासाठी राखून ठेवली होती. तुमच्या डाव्या गालावर तीळ आहे. मुखवट्याच्या उजव्या गालावर आहे. न्हावी माणूस गिऱ्हाइकाच्या मागे उभा राहून त्याला आरशात बघतो, तसाच मी तुम्हाला जन्मभर पाहिला आणि तसाच केला. आणि आरसा काय करतो ते तुम्ही शिकलेले आहात. एवढं वगळता सगळं तुमचं आहे. पण उद्या कोणी बोट दाखवलंच तर तुम्ही ताठ मानेने म्हणू शकता, "तो मी नाही, तीळ बघा." मी साक्षीला उभा राहीन.

आणि एक, पैशाचं म्हणाल तर ते आले, नाही म्हणत नाही. दुकान बंद झाल्यापासून मी हिच्या हातावर काही ठेवलं नव्हतं. पहिले पैसे ठेवले तेव्हा तिने ते पदराने पुसले आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं खोटे निघाले. त्या पैशांतून आम्ही एक उंच खुर्ची घेतली आहे, जाड गादीची, दोन्हीकडे हात असलेली, म्हणजे तुम्हाला गुडघा न वाकवता उठता-बसता येईल. ती तुमच्याच कमाईची आहे. आल्यावर त्या खुर्चीत बसून मला काय बोलायचं ते बोला, मी समोर उभा राहीन. फक्त या.

तेव्हा हात जोडून एवढंच मागणं की येण्याआधी मिशी काढावी. नुसती मिशी. ती गेली की तुम्हाला इथे कोणी ओळखणार नाही, तुम्हीसुद्धा ओळखणार नाही. तिकडच्या न्हाव्यावर भरवसा नसेल तर मफलर गुंडाळून या, मी घरी काढून देईन. हात थरथरतो, पण तुमचा चेहरा मला आता पाठ आहे.

ताईला नमस्कार. ताईला ही बातमी तुम्ही सावकाश, तिची समजूत घालत सांगावी. नवऱ्याची अशी विटंबना ऐकून तिला काय वाटेल, या विचाराने मला अन्न गोड लागत नाही.

आपला,
तुमच्या तोंडाने जेवणारा,
धाकटा मेहुणा

ता. क. मिशी काढू नये. हे पत्र हिने वाचलं (वरचं ते वाक्यही वाचलं, त्यामुळे माझी रवानगी पुन्हा बाहेरच्या खोलीत झाली आहे). ही म्हणते, भाताच्या पातेल्यावरून काढून काढून चेहरा हल्ली मवाळ व्हायला लागलाय, मागच्या दोन गिऱ्हाइकांनी तशी तक्रारही केली. तेव्हा भाऊजींनी मिशीसकट यावं, आणि रोज सकाळी खुर्ची बाल्कनीत टाकून चहा घेत तासभर बसावं. मला पाहून करता येईल आणि लोकांना खात्री पटेल. बदल्यात भाजी तुमच्या आवडीची. मी तिला म्हटलं, भाऊजींना हे कसं लिहू? ती म्हणाली, "ता. क. मध्ये लिहा."

ता. क. दुसरा. भाऊजी, मी हादरलो आहे, अक्षर सांभाळून घ्यावं. पाकीट चिकटवताना मी परत ताईची काळजी करायला लागलो, तेव्हा ही हसायला लागली आणि तिने सांगितलं ते असं. ताईने फोनवर पहिल्या आठवड्यातच दोन मागवले. त्यातले एक तुम्ही तुमच्याच गच्चीवर, पाण्याच्या टाकीला बांधलेले आहात. तेव्हा तुम्ही सकाळी अंगणातून आवाज टाकता तो टाकत राहा, घशाला व्यायाम आहे, पण कबुतरं त्याने गेलेली नाहीत. दुसरा ताईच्या फडताळात आहे. तुम्ही फिरायला गेलात की ती तो बाहेर काढून त्याला मनात असेल ते सगळं सुनावते, आणि तुम्ही परत यायच्या आत त्याचं तोंड पुसून ठेवते. पहिले दोन परत आले होते आणि मी बदलून दिले होते, ते गिऱ्हाईक म्हणजे ताई, हे मला आता कळलं. मी म्हणत होतो की सगळ्या गल्लीत कोणाला खटकलं नाही ते कोणा गिऱ्हाइकाला खटकलं? निरोप आला होता, "माल चांगला, पण तीळ डाव्या गालावर हवा. परका पुरुष मी घरात ठेवणार नाही."